इथेनॉलमिश्रित पेट्रोल, गाडीचे मायलेज आणि इंजिन : इंधनाची मानके ठरवणाऱ्यांना व वाहन उत्पादकांना खुले पत्र

सन्माननीय महोदय व महोदया,

स. न. वि. वि.

मी वाहन-अभियांत्रिकी शिकवते. माझा दिवस वर्गात कमी आणि कार्यशाळेत जास्त जातो. गेल्या काही वर्षांत विद्यार्थी, गाड्या दुरुस्त करणारे कारागीर आणि ओळखीचे वाहनमालक मला एकच प्रश्न सर्वाधिक वेळा विचारत आले आहेत : पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्यामुळे गाडीचे अ‍ॅव्हरेज खरोखर पडते का, आणि त्याने इंजिन खराब होते का? हा एक प्रश्न नाही. यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, आणि आपल्याकडून मिळणारी उत्तरे तो गुंता सोडवण्याऐवजी वाढवतात, असे माझे मत झाले आहे. मायलेज हा इंधनातील ऊर्जेचा प्रश्न आहे, तर नुकसान हा रबर, धातू आणि पाणी यांचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर कागदावर काढता येते आणि ते प्रत्येक गाडीला थोड्याफार फरकाने लागू पडते. दुसऱ्याचे उत्तर मात्र गाडी कोणती, किती जुनी आणि किती दिवस उभी असते यावर अवलंबून असते. आपण दोहोंना मिळून ‘काळजीचे कारण नाही’ असे एकच उत्तर देता, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही, हे आरंभीच स्पष्ट करते. इथेनॉल हे एक अल्कोहोल आहे, आणि अल्कोहोल हे इंजिनाला परके इंधन नाही. चार-स्ट्रोक इंजिन घडवणारे निकोलाउस ओटो यांनी आपल्या सुरुवातीच्या प्रयोगांत तेच जाळले होते. १९२१ साली टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाने नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटल्याने होणारी ठकठक, थांबते असा शोध लागला, तेव्हा त्याच कामासाठी अल्कोहोलचा पर्याय समोर होता. जगाने शिसे निवडले, आणि ते रस्त्यावरच्या गाड्यांच्या पेट्रोलमधून पूर्णपणे हद्दपार होण्यासाठी २०२१ साल उजाडावे लागले. त्या शंभर वर्षांची किंमत ज्याला ठाऊक आहे, तो इथेनॉलला सहजासहजी नावे ठेवणार नाही. माझी तक्रार इथेनॉलविषयी नसून त्याच्याबद्दल ग्राहकाला जे सांगितले जात नाही त्याविषयी आहे.

आधी मायलेजचे पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१, म्हणजे जेमतेम दोन-तृतीयांश. याचे कारण रेणूतच आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजनचा अणू आधीपासून बसलेला असतो आणि वजनाने तो जवळजवळ ३५ टक्के भरतो. हा ऑक्सिजन ज्वलनाला मदत करतो, पण स्वतः ऊर्जा देत नाही. एका अर्थाने इथेनॉल हे थोडेसे आधीच जळलेले इंधन आहे. त्यामुळे दहा टक्के मिश्रणात, म्हणजे ई-१० मध्ये, लिटरमागे सुमारे साडेतीन टक्के ऊर्जा कमी पडते, ई-२० मध्ये पावणेसात टक्क्यांच्या आसपास आणि ई-८५ मध्ये पाव हिश्श्याहूनही थोडी अधिक. हा साधा गुणाकार आहे, कोणाचे मत नव्हे. शुद्ध पेट्रोलवर लिटरला २० किलोमीटर जाणारी गाडी घेतली आणि तिच्या इंजिनात काहीही बदल केला नाही, तर ४० लिटरच्या टाकीत ती ८०० किलोमीटर जाईल. ई-२० वर तीच टाकी ७४५ किलोमीटरच्या आसपास संपेल.

या हिशेबात एक खाच आहे आणि तिच्यामुळे अनेक वाद विनाकारण पेटतात. ई-२० ची तुलना शुद्ध पेट्रोलशी केली तर तूट पावणेसात टक्क्यांची दिसते. तीच तुलना ई-१० शी केली, तर ती साडेतीन टक्क्यांवर येते. जो माणूस आधीपासून ई-१० भरत होता, त्याला बदलाच्या दिवशी दुसरा आकडा जाणवणार, पहिला नाही. मात्र मूळची तूट त्याने कधीच सोसलेली असते. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा आकडा उचलतात आणि आधार कोणता धरला हे सांगत नाहीत. अमेरिकेत ग्राहकांना दिल्या जाणाऱ्या अधिकृत माहितीत ई-१० मुळे मायलेज सुमारे ३ टक्क्यांनी आणि ई-१५ मुळे ४ ते ५ टक्क्यांनी कमी होते असे नमूद केलेले आहे. भारतात नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात तज्ज्ञांनी याहून बारकाईने लिहिले होते : शुद्ध पेट्रोलसाठी रचना केलेल्या आणि ई-१० साठी ट्यून केलेल्या चारचाकीत ई-२० मुळे ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्के, आणि मुळात ई-१० साठी रचना करून ई-२० साठी ट्यून केलेल्या चारचाकीत केवळ १ ते २ टक्के घट अपेक्षित आहे. याचा अर्थ असा की आकडे आपल्याकडे आहेत, आणि गाडीगाडीत फरक पडतो हेही आपल्याला माहीत आहे. मग जाहीर निवेदनात ही सगळी बारीक माहिती गळून ‘किरकोळ’ हा एकच शब्द का उरतो?

ग्राहकाच्या बाजूनेही काटेकोरपणा हवा, हे मी मान्य करते. एका टाकीवरून मायलेज पडले असे सांगणाऱ्याला मी नोंदवही आणायला सांगते. टायरमधली हवा कमी असणे, एअर कंडिशनर चालू ठेवणे, वाहतुकीच्या कोंडीत अडकणे, थंड इंजिनावर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणे, यांपैकी कोणत्याही एका कारणाने तीन टक्क्यांचा फरक सहज झाकला जातो किंवा फुगून दिसतो. टाकी फुल करून, त्याच पंपावर, नोझल आपोआप बंद होते ती पहिली कट-ऑफ धरून, निदान आठ-दहा वेळा भरलेल्या इंधनाची आणि कापलेल्या अंतराची बेरीज मांडली तरच काही बोलता येते. ज्यांनी माझ्याकडे अशा वह्या आणल्या, त्यांच्यापैकी ‘वीस टक्क्यांनी अ‍ॅव्हरेज पडले’ म्हणणाऱ्या बहुतेकांच्या गाडीत दुसराच दोष निघाला : कुठे ब्रेक घासत होता, कुठे ऑक्सिजन सेन्सर मंदावला होता, कुठे थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. वीस टक्क्यांची घट ई-२० च्या ऊर्जेने होऊच शकत नाही. परंतु पाच-सहा टक्क्यांची होते, आणि ती सांगणाऱ्या माणसाला वेड्यात काढले गेले की तो पुढच्या वेळी वीसवरही विश्वास ठेवतो.

आता इंजिनाच्या आत काय घडते ते पाहू, कारण दिलासा आणि धोका दोन्ही तिथेच आहेत. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला साधारण ९ किलोच पुरते. त्यामुळे तेवढ्याच हवेत मिश्रित इंधन जास्त टाकावे लागते. इंजेक्शनच्या गाडीत हे काम इंजिनाचा संगणक करतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ झाल्याचे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडल्याचे, सांगतो आणि संगणक इंजेक्टर उघडा ठेवण्याचा वेळ वाढवतो. स्कॅनर जोडला की ही वाढ ‘फ्युएल ट्रिम’ म्हणून डोळ्यांसमोर दिसते. शुद्ध पेट्रोलवर शून्याच्या आसपास खेळणारा दीर्घकालीन ट्रिमचा आकडा ई-२० भरल्यावर काही फेऱ्यांतच सात-आठ टक्क्यांवर जाऊन स्थिरावतो, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवते. गंमत अशी की एवढे करूनही इंजिनाची ताकद घटत नाही. दर किलो हवेमागे मिळणारी ऊर्जा दोन्ही इंधनांत जवळपास सारखीच असते, म्हणून पिकअप तोच राहतो, फक्त टाकी लवकर रिकामी होते. गाडी पळायला उत्तम वाटते म्हणून मायलेजही उत्तमच असेल, हा गैरसमज इथूनच निर्माण होतो.

धोका आहे तो या भरपाईच्या मर्यादेत. संगणकाला ट्रिम वाढवण्याची मुभा साधारण वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंतच असते. त्यापलीकडे गेले की डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर मिश्रण पातळ असल्याचा पी-०१७१ हा कोड उमटतो. निरोगी गाडीला सात-आठ टक्क्यांचा भार जाणवतही नाही. परंतु जिच्या इनटेकची एखादी रबरी नळी चिरलेली आहे, जिचा पंप थकला आहे किंवा जिचे इंजेक्टर अर्धवट चोक झाले आहेत, ती आधीच बारा-पंधरा टक्क्यांवर चालत असते. त्यात हे सात-आठ टक्के मिळवले की मुभा संपते आणि दिवा लागतो. मग मालक म्हणतो की इथेनॉलने गाडी बिघडवली आणि आपण म्हणता की इथेनॉलचा काही संबंध नाही. खरे तर दोष जुना असतो आणि उघडा पडण्याचे निमित्त नवे असते. एवढे साधे स्पष्टीकरण छापील पत्रकात कोणी दिले असते, तर कितीतरी भांडणे टळली असती.

शिवाय थंड इंजिन सुरू करताना आणि पेडल पूर्ण दाबल्यावर संगणक बहुधा सेन्सरचे ऐकत नाही, आधी ठरवून दिलेल्या कोष्टकावर चालतो. ते कोष्टक कोणत्या मिश्रणासाठी लिहिले आहे यावर त्या क्षणी मिश्रण किती पातळ होणार ते ठरते. म्हणूनच ई-२० ‘सहन करणारी’ गाडी आणि ई-२० साठी ‘ट्यून केलेली’ गाडी यांत फरक आहे. विक्रीच्या वेळी हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, हे मी शोरूममध्ये स्वतः ऐकले आहे.

कार्ब्युरेटरच्या गाडीला तर कोष्टकही नाही आणि सेन्सरही नाही. तिथे जेटचे, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक तोटीचे, भोक ठरलेले असते. त्यातून येणाऱ्या इंधनात ऑक्सिजन वाढला की मिश्रण पातळ होते, चोक ओढून ठेवावा लागतो, गाडी गरम होईपर्यंत धक्के मारते आणि चढावर दम तोडते. पातळ मिश्रणावर सतत जोर दिला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टन नेहमीपेक्षा अधिक तापतात. जेट एक नंबर मोठा बसवला की बहुतेक त्रास जातो, हे प्रत्येक जुन्या कारागिराला ठाऊक आहे. अधिकृत सूचना म्हणून ते कुठेही लिहिलेले मात्र माझ्या पाहण्यात नाही. छोट्या पंपांची, जनित्रांची आणि बोटींची इंजिनेही याच वर्गात येतात. अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने २०१० आणि २०११ मध्ये ई-१५ ला परवानगी दिली, ती २००१ आणि त्यानंतरच्या प्रवासी गाड्यांपुरतीच. मोटारसायकली, बोटी आणि छोटी उपकरणे तिने स्पष्ट शब्दांत वगळली आणि तसे पंपावर लिहिणे बंधनकारक केले. जो धोका एका ठिकाणी पंपावर छापावा इतका खरा मानला गेला, तो दुसऱ्या ठिकाणी बोलण्याच्याही लायकीचा नसावा, हे मला पटत नाही.

इथेनॉलच्या बाजूने सांगितला जाणारा मोठा मुद्दा ऑक्टेनचा, म्हणजे नॉकिंग रोखण्याच्या इंधनाच्या क्षमतेचा, आहे आणि तो खरा आहे. शुद्ध इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०८ च्या आसपास असतो. त्याची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते, त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारी हवा थंड होते आणि नॉकिंग लांबते. या गुणांचा उपयोग करून इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण किती दाबले जाते ते प्रमाण, वाढवला, तर त्याच इंधनातून अधिक काम काढता येते आणि मायलेजची तूट बरीच भरून निघू शकते. पण हे नव्या इंजिनाच्या आराखड्यात होते. ज्याच्या दारात दहा वर्षांपूर्वीची गाडी उभी आहे, तिचा कॉम्प्रेशन रेशो ओतीव धातूत ठरून गेलेला आहे. तिला जास्तीच्या ऑक्टेनचा फारसा उपयोग नाही, कमी ऊर्जेचा तोटा मात्र पूर्ण मिळतो. आपण ऑक्टेनचा गौरव करता तेव्हा लाभ एका गाडीचा सांगता आणि खर्च दुसऱ्या गाडीच्या मालकाकडून घेता.

ब्राझीलचा अनुभव याबाबत शिकण्यासारखा आहे आणि तो बहुधा अर्धाच सांगितला जातो. तिथे १९७५ साली पेट्रोलऐवजी इथेनॉल वापरण्याचा प्रोअल्कूल कार्यक्रम सुरू झाला आणि १९७९ मध्ये फियाट १४७ ही केवळ इथेनॉलवर चालणारी गाडी मोठ्या संख्येने बाजारात आली. २००३ पासून कोणत्याही प्रमाणातले मिश्रण ओळखून स्वतःला जुळवून घेणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या आल्या. थंडीत शुद्ध इथेनॉलची पुरेशी वाफ होत नाही म्हणून त्या गाड्यांना सुरुवातीला पेट्रोलची वेगळी छोटी टाकीही द्यावी लागली होती. आज तिथल्या साध्या पेट्रोलमध्येच ३० टक्के इथेनॉल असते. परंतु त्यांनी गाड्या आणि इंधन यांची सांगड अनेक दशकांत घातली. आणखी एक गोष्ट तिथल्या चालकाच्या अंगवळणी पडली आहे : पंपावर इथेनॉलचा दर पेट्रोलच्या दराच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते भरायचे, नाहीतर पेट्रोल घ्यायचे. ऊर्जा कमी म्हणून दरही कमी, हा हिशेब तिथल्या सामान्य माणसाला तोंडपाठ आहे, कारण तो त्याच्यापासून कोणी लपवला नाही.

आता नुकसानीविषयी. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीच्या बॉनेटमधून एके सकाळी पेट्रोलचा वास आला. फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या क्लिपजवळ ओल होती. नळी काढून बोटांनी दाबली, तर ती भिजलेल्या चामड्यासारखी मऊ लागली. व्हर्नियरने मोजली, तेव्हा त्याच नळीच्या न वापरलेल्या तुकड्यापेक्षा ती दीड मिलिमीटरने जाड भरली. दोन दिवस बाकावर सुकू दिल्यावर ती आकसली, आतली बाजू भिंगाखाली बारीक भेगांनी भरलेली दिसली आणि वाकवताच त्या भेगा उघडल्या. साध्या नायट्राइल रबराचे इथेनॉलमध्ये हेच होते : फुगते, मऊ पडते आणि कोरडे झाले की तडकते. कॉर्कची गॅस्केट, काही जुने प्लास्टिक, जस्ताचे ओतीव भाग आणि जुन्या टाक्यांना आतून दिलेला शिसे-कथलाचा मुलामा यांनाही अल्कोहोल आणि त्यासोबत येणारे पाणी मानवत नाही. फ्लुओरोइलॅस्टोमर हे खास रबर, टेफ्लॉन, योग्य प्रकारचे नायलॉन आणि स्टेनलेस स्टील यांना मात्र काही होत नाही, आणि अलीकडच्या गाड्यांत तेच वापरलेले असते. ती नळी बरीच जुनी होती आणि नुसत्या वयानेही रबर मरते, हे मी नाकारत नाही. सगळा दोष इथेनॉलचा, असे मी त्या नळीकडे पाहूनही छातीठोकपणे म्हणणार नाही.

परंतु नंतर जे घडले त्याने मला हे पत्र लिहायला लावले. सेवाकेंद्रात विचारले, तर इंधनात भेसळ असेल असे सांगण्यात आले. पंपावर विचारले, तर मिश्रण मानकाप्रमाणे आहे, दोष गाडीचा आहे, असे उत्तर मिळाले. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत दहा टक्क्यांहून अधिक इथेनॉल असलेले इंधन वापरू नये, असे एक वाक्य होते. पंपावर त्याहून अधिक प्रमाणाचे एकच इंधन मिळत होते. पुस्तिका पाळावी तर गाडी घरात उभी ठेवावी लागणार आणि गाडी चालवावी तर पुस्तिका मोडावी लागणार. मी हाताने नळी बदलू शकले, कारण ते माझे काम आहे. ज्याला बॉनेट कसे उघडायचे हेही माहीत नाही, त्याच्या वाट्याला तापलेल्या इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल येऊ शकते. ही टोलवाटोलवी म्हणून केवळ गैरसोयीची नाही, ती धोक्याची आहे.

पाण्याबद्दल लोकांत भीती जास्त आणि माहिती कमी आहे. कार्यशाळेच्या बाहेर, ज्वालेपासून दूर, मी विद्यार्थ्यांना एक साधा प्रयोग दाखवते. मोजपट्टी असलेल्या काचेच्या नळकांड्यात ९० मिलिलिटर ई-१० घ्यायचे, त्यात १० मिलिलिटर पाणी घालायचे, बूच लावून हलवायचे आणि स्थिर होऊ द्यायचे. आधी सगळे दुधाळ होते. मग हळूहळू तळाशी एक स्वच्छ थर उतरतो, आणि तो १० नव्हे तर १८-१९ मिलिलिटरवर येऊन थांबतो. वाढलेला भाग म्हणजे पेट्रोल सोडून पाण्यासोबत खाली गेलेले इथेनॉल. वर उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन अर्थातच घटलेले असते. टाकीत हेच घडले तर पंप तळातून इंधन उचलतो, म्हणजे इंजिनाला आधी नेमका तो पाणीदार थर मिळतो आणि गाडी मिसिंग करत बंद पडते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १५ अंश तापमानाला ई-१० आपल्यात सुमारे अर्धा टक्का पाणी विरघळवून ठेवू शकते, म्हणजे ४० लिटरमागे जवळपास २०० मिलिलिटर. शुद्ध पेट्रोलमध्ये एवढे पाणी क्षणभरही मिसळून राहिले नसते. इथेनॉलचे प्रमाण वाढले की ही क्षमताही वाढते. बंद टाकीत हवेच्या दमटपणातून इतके पाणी जमायला बराच काळ लागतो. रोज चालणाऱ्या गाडीला हा धोका जवळजवळ नाही. महिनोन्‌महिने उभी असणारी गाडी, झाकणाचे रबर सुकलेली टाकी आणि पंपाखालची साठवणटाकी ही खरी धोक्याची ठिकाणे आहेत. तापमान अचानक उतरले की विरघळलेले पाणीही वेगळे पडते. म्हणजे वाहनमालकाच्या टाकीइतकीच, किंबहुना अधिक काळजी वितरकाच्या टाकीची घ्यायला हवी, आणि ती तपासणी मालकाच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.

जुन्या गाडीत मिश्रित इंधन पहिल्यांदा भरल्यावर काही दिवसांत फिल्टर चोक होतो, हेही वारंवार दिसते. इथेनॉल उत्तम द्रावक आहे. वर्षानुवर्षे टाकीच्या तळाशी साचलेला चिकट थर ते सोडवते आणि फिल्टरकडे पाठवते. उपाय अगदी सोपा आहे : बदलानंतर थोड्याच दिवसांत फिल्टर नवा टाकणे. हे वाक्य कोणत्याही पंपावर लिहून ठेवायला आपल्याला काय अडचण होती?

माझ्या मागण्या या सगळ्यातूनच आलेल्या आहेत. पंपावरच्या प्रत्येक नोझलजवळ इथेनॉलचे प्रमाण आणि त्या इंधनाची लिटरमागची ऊर्जा, दोन्ही ठळक आकड्यांत लिहिली जावीत. युरोपात २०१८ पासून ई-५, ई-१० अशी गोल चिन्हे पंपावर आणि नव्या गाडीच्या टाकीच्या झाकणाजवळ सारखीच लावली जातात, त्यामुळे चालकाला फक्त दोन चिन्हे जुळवून पाहायची असतात. त्याआधी २०११ मध्ये जर्मनीत ई-१० आले, तेव्हा बहुसंख्य गाड्यांना ते चालत असूनही आपल्या गाडीला चालते की नाही याची खात्री नसल्याने लोकांनी पंपावर त्याकडे पाठ फिरवली होती. ब्रिटनने २०२१ मध्ये ई-१० सर्वसाधारण केले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ई-५ वरच्या दर्जाच्या पेट्रोलमध्ये उपलब्ध ठेवले आणि आपली गाडी कोणत्या गटात बसते हे तपासण्याची सोयही लोकांना करून दिली. यातले काहीच अवघड नाही.

वाहन उत्पादकांकडे माझी मागणी याहून नेमकी आहे. आजवर विकलेल्या प्रत्येक मॉडेलची, वर्षानुसार, लेखी यादी प्रसिद्ध करा : कोणते मिश्रण चालते, नुसते सहन होते की त्यासाठी ट्यून केलेले आहे, आणि चालत नसेल तर कोणती नळी, कोणती ओ-रिंग, कोणते गॅस्केट, कोणता जेट बदलायचा. त्या भागांचे क्रमांक द्या. पुस्तिकेतली मर्यादा आणि पंपावरचे इंधन यांत तफावत असेल, तर अशा वेळी वॉरंटीचे काय होणार हे तोंडी आश्वासनाने नव्हे, सहीशिक्क्याच्या कागदावर सांगा. जाहिरातीतले मायलेज कोणत्या इंधनावर मोजले ते त्या आकड्याशेजारीच छापा. युरोपने चाचणीचे इंधन आधी ई-५ आणि नंतर ई-१० केले, ते यासाठीच की जे विकले जाते त्यावरच गाडी तपासली जावी. मिश्रण बदलले आणि जाहिरातीतला आकडा तोच राहिला, तर तो आकडा खोटा ठरतो.

आणि मानके ठरवणाऱ्यांनो, जोपर्यंत जुन्या गाड्या मोठ्या संख्येने रस्त्यावर आहेत, तोपर्यंत कमी प्रमाणाच्या मिश्रणाचा एक तरी पर्याय पंपावर राहू द्या. तो न दिल्याने इथेनॉलचा खप थोडा वाढेलही, पण प्रत्येक फुगलेली नळी आणि प्रत्येक जळलेला व्हॉल्व्ह त्याच्याच नावावर मांडला जाईल, मग कारण ते असो वा नसो. शक्य असल्यास दरही ऊर्जेशी जोडा. ग्राहक लिटर विकत घेत नाही, तो अंतर विकत घेतो.

माझ्याकडे ती नळी, तिचा न वापरलेला तुकडा आणि त्या गाडीची तीन वर्षांची इंधनाची नोंदवही जपून ठेवलेली आहे. यांपैकी काहीही तपासणीसाठी हवे असल्यास पाठवायला मी तयार आहे. निष्कर्ष माझ्या मताविरुद्ध गेला तरी तो तसाच प्रसिद्ध करावा, एवढीच अट आहे. उत्तराची वाट पाहते.

कळावे,

आपली विश्वासू,
वाहन-अभियांत्रिकीची एक शिक्षिका